बायपाससाठी पायाचीच शीर का काढतात? रक्ताला मानवणाऱ्या कृत्रिम नळीविषयी

घरात कोणाची बायपास शस्त्रक्रिया ठरली की एक प्रश्न हमखास निघतो: दुखणे हृदयाचे, मग चीर पायाला कशासाठी? डॉक्टर सांगतात की पायातली शीर काढून ती हृदयाच्या बंद पडलेल्या रक्तवाहिनीला वळसा घालून जोडायची आहे. त्यावर एखादे काका विचारतातच, की गुडघा धातूचा मिळतो, डोळ्यातले भिंग प्लास्टिकचे मिळते, मग चार मिलिमीटर जाडीची एक नळी विकत मिळू नये?

हा प्रश्न बडोद्यात विचारला जावा हे तर फारच साहजिक आहे. कोयलीचा तेलशुद्धीकरण कारखाना १९६५ साली सुरू झाला, त्यापाठोपाठ आयपीसीएल ही पेट्रोरसायनांची कंपनी आली, आणि दांडिया बाजार, रावपुरा भागातल्या कितीतरी मराठी घरांतली माणसे या कारखान्यांत नोकरीला लागली. आयपीसीएलमध्ये डीएमटी नावाचे जे रसायन तयार होत असे, ते पॉलिएस्टरचा कच्चा माल होते. ज्या पॉलिएस्टरच्या साड्या आणि शर्ट आपण वापरतो, त्याच पॉलिएस्टरच्या धाग्यापासून विणलेल्या नळ्या गेली साठ-सत्तर वर्षे माणसाच्या महाधमनीच्या जागी बसवल्या जात आहेत. म्हणजे नळी आहे, आणि ती चालतेही. मग हृदयाच्या रक्तवाहिनीसाठी ती का चालत नाही, हा खरा प्रश्न आहे. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने प्रयोगशाळेत मानवी पेशींपासून वाढवलेल्या एका रक्तवाहिनीला मान्यता दिली, तेव्हापासून तो पुन्हा चर्चेत आला आहे.

माझ्या मते या विषयात एक गोष्ट नीट समजली की बाकीच्या आपोआप उलगडतात. नळी तयार करणे अवघड नाही. अवघड आहे तो नळीचा आतला पृष्ठभाग, आणि त्यातही रक्ताला लागणारा अगदी वरचा थर, ज्याची जाडी नॅनोमीटरमध्ये मोजतात. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. ती नळी वर्षानुवर्षे वाहती राहणार की काही दिवसांत बंद पडणार, याचा मोठा भाग या थरावर ठरतो.

## गुळगुळीतपणा पुरेसा का नाही?

नळी आतून पुरेशी गुळगुळीत केली की रक्त तिला चिकटणार नाही, असे आपल्याला सहज वाटते. पण काचेइतकी गुळगुळीत वस्तू रोजच्या वापरात क्वचितच सापडेल, आणि काचेच्या साध्या नळीत काढून ठेवलेले रक्त साधारण पाच ते दहा मिनिटांत गोठते. तपासणीच्या प्रयोगशाळेत जांभळ्या झाकणाच्या नळीतले रक्त पातळ राहते, कारण त्या नळीत रक्तातले कॅल्शियम बांधून ठेवणारे रसायन आधीच घातलेले असते. शरीरात वाहणाऱ्या रक्ताच्या बाबतीत असे करता येत नाही.

जंतुनाशक शस्त्रक्रियेसाठी प्रसिद्ध असलेल्या जोसेफ लिस्टर यांनी १८६३ साली लंडनमध्ये दिलेल्या व्याख्यानात हाच फरक मांडला होता. मेलेल्या जनावराच्या शिरेत अडकलेले रक्त बराच काळ पातळ राहते, पण तेच रक्त काचेच्या भांड्यात ओतले की गोठू लागते. म्हणजे रक्तवाहिनीच्या आतल्या बाजूत असे काहीतरी आहे जे काचेत नाही. ते काय, हे कळायला पुढे शंभराहून अधिक वर्षे गेली.

न चिकटणाऱ्या तव्यावर ज्याचा लेप असतो त्या टेफ्लॉनचाही अनुभव असाच आहे. ते पाण्याला दूर ढकलते, म्हणून रक्तालाही दूर ठेवेल अशी आपली समजूत होते. प्रत्यक्षात पाण्याला दूर ढकलणाऱ्या पृष्ठभागावर रक्तातली प्रथिने अधिक घट्ट बसतात, कारण या प्रथिनांचा काही भाग स्वतःच पाण्यापासून दूर राहू पाहणारा असतो आणि त्याला अशा पृष्ठभागावर आसरा मिळतो.

## रक्ताची गाठ प्लास्टिकशी पडतच नाही

रक्त कृत्रिम नळीत शिरल्यावर पहिल्या एक-दोन सेकंदांतच रक्तातली प्रथिने तिच्या आतल्या पृष्ठभागावर बसू लागतात आणि एक पातळ थर तयार होतो. त्यानंतर येणाऱ्या पेशींना मूळ प्लास्टिक कधी लागतच नाही. त्यांना लागतो तो हा प्रथिनांचा थर, आणि नळीशी कसे वागायचे हे त्या थरात कोण बसले आहे यावरून ठरते.

हा थर एकदा बसला की स्थिर राहतो असेही नाही. लग्नाच्या मांडवात पुढच्या खुर्च्यांवर आधी मुले जाऊन बसतात, कारण ती संख्येने जास्त आणि पायाने चपळ असतात. पुढे मानकरी येऊ लागले की मुलांना उठवले जाते, आणि एकदा बसलेले मानकरी मात्र कार्य आटोपेपर्यंत हलत नाहीत. रक्तातही अल्ब्युमिन नावाचे प्रथिन सर्वांत जास्त आणि आकाराने लहान असते, म्हणून ते आधी पोहोचते. नंतर फायब्रिनोजेन त्याची जागा घेते, आणि काही पृष्ठभागांवर पुढे त्यालाही हटवून आणखी घट्ट बसणारी प्रथिने येतात. ही अदलाबदल लिओ व्रोमन या डच-अमेरिकन शास्त्रज्ञाने उघडकीस आणली, म्हणून तिला व्रोमन परिणाम म्हणतात. व्रोमन डच भाषेतले नामवंत कवीही होते.

मांडवातल्या पाहुण्यांपैकी आपल्या दृष्टीने महत्त्वाचे ते फायब्रिनोजेन. रक्ताची गुठळी ज्या धाग्यांनी विणली जाते, ते धागे याच्यापासूनच बनतात. डेंग्यूच्या दिवसांत ज्यांचा आकडा घरोघरी विचारला जातो त्या प्लेटलेट या फायब्रिनोजेनला धरतात. रक्ताच्या एका घन मिलिमीटरमध्ये साधारण दीड ते साडेचार लाख प्लेटलेट असतात आणि प्रत्येकीचा व्यास अवघा दोन-तीन मायक्रोमीटर असतो. पृष्ठभागावर बसलेल्या फायब्रिनोजेनचा आकार थोडा उलगडतो आणि त्यातले एरवी झाकलेले भाग उघडे पडतात. तेथे प्लेटलेट चिकटते, पसरते आणि अशी रसायने सोडते की आसपासच्या प्लेटलेटही येऊन मिळतात. जखम झाल्यावर आपला जीव वाचवणारी हीच व्यवस्था आहे. नळी म्हणजे जखम नव्हे, हे ओळखण्याचे साधन तिच्याजवळ नसते.

प्लेटलेटशिवाय रक्त गोठण्याचा आणखी एक मार्ग आहे, आणि तो तर थेट परक्या पृष्ठभागाच्या स्पर्शानेच सुरू होतो. त्यात पहिले पाऊल टाकणाऱ्या प्रथिनाला बारावा घटक म्हणतात. १९५५ साली ऑस्कर रॅटनॉफ यांनी जॉन हेजमन नावाच्या एका रेल्वे कर्मचाऱ्याची हकिगत प्रसिद्ध केली. त्याच्या रक्तात हा घटक नव्हता. काचेच्या नळीत त्याचे रक्त गोठायला फार वेळ लागे, पण त्याला अतिरक्तस्रावाचा त्रास कधीच झालेला नव्हता. पुढे १९६८ साली तो पडून हाड मोडल्यानंतर फुप्फुसात गुठळी अडकून वारला. जखमेतले रक्त थांबवायला बाराव्या घटकाची फारशी गरज नसते, मात्र परक्या पृष्ठभागावर रक्त गोठवण्यात त्याचा मोठा हात असतो, हे या एका माणसामुळे लक्षात आले. नळीवरची गुठळी रोखायची पण जखमेतून रक्त वाहत राहू द्यायचे नाही, असे औषध शोधणारे शास्त्रज्ञ म्हणूनच या घटकाच्या मागे लागले आहेत.

## आपली स्वतःची रक्तवाहिनी काय वेगळे करते?

प्रत्येक रक्तवाहिनीला आतून पेशींचे एकपदरी अस्तर असते. त्याला एंडोथेलियम म्हणतात. हे अस्तर केवळ न चिकटणारे असते, असे समजण्यात आपली सर्वांत मोठी चूक होते. ते सतत काम करीत असते. ते नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू सोडते, ज्यामुळे रक्तवाहिनी सैल राहते आणि जवळ आलेल्या प्लेटलेट शांत राहतात. या वायूचे हे काम उलगडल्याबद्दल रॉबर्ट फर्शगॉट, लुई इग्नारो आणि फरीद मुराद यांना १९९८ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. हेच अस्तर प्रोस्टासायक्लिन नावाचे द्रव्यही सोडते, तेही प्लेटलेटना एकत्र येऊ देत नाही. त्याच्या पृष्ठभागावर हेपरिन या रक्त गोठू न देणाऱ्या द्रव्याच्या जातीच्या साखळ्या असतात, ज्या रक्त गोठवणाऱ्या रसायनांना निकामी करतात. थ्रॉम्बोमोड्युलिन नावाचे त्याचे एक प्रथिन तर गुठळी घडवणाऱ्या थ्रॉम्बिनलाच धरून त्याच्याकडून उलटे काम करवून घेते. एवढे करूनही कुठे गुठळी झालीच, तर ती विरघळवणारे द्रव्यही हेच अस्तर पुरवते.

कोणताही लेप यातले एखादे काम करू शकतो. सगळी कामे, गरजेप्रमाणे कमीजास्त करत, आणि स्वतःची झीज स्वतः भरून काढत, असे आजवर कोणत्याही लेपाला जमलेले नाही. पायाची शीर हृदयावर नेतात ती या अस्तरासकट नेतात, आणि म्हणूनच शल्यचिकित्सक ती काढताना फार हळुवार हाताळतात.

## महाधमनीत पॉलिएस्टर कसे चालते?

१९५२ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील आर्थर व्हूरहीस यांनी विन्यॉन-एन या कृत्रिम कापडाच्या नळ्या कुत्र्यांच्या महाधमनीत बसवल्याचे प्रसिद्ध केले. त्याच्या काही वर्षे आधी त्यांनी कुत्र्याच्या हृदयात राहिलेल्या रेशमी टाक्यावर एक चकचकीत पातळ आवरण चढलेले पाहिले होते, आणि कापडावरही असेच आवरण चढेल असा त्यांचा कयास होता. ह्यूस्टनच्या मायकेल डिबेकी यांनी दुकानात नायलॉन संपले होते म्हणून डेक्रॉन घेतले आणि घरच्या शिवणयंत्रावर नळी शिवली. डेक्रॉन हे पॉलिएस्टरचेच व्यापारी नाव. टेफ्लॉनची सच्छिद्र नळी याच्यानंतर आली: १९६९ साली बॉब गोर यांनी तापवलेली टेफ्लॉनची कांडी हळूहळू ताणण्याऐवजी झटक्यात ओढली, तेव्हा ती न तुटता कित्येक पट लांब झाली आणि आतून सूक्ष्म तंतूंची, बहुतांश हवेने भरलेली अशी रचना तयार झाली.

या नळ्यांनी असंख्य जीव वाचवले आहेत. पण त्या रक्ताला मानवल्या म्हणून यशस्वी झाल्या असे नाही. त्यांच्या आत गुठळीचा पातळ थर बसतोच. मोठ्या नळीत रक्ताचा जोर इतका असतो की तो थर वाढत नाही, आणि नळी इतकी रुंद असते की तो अडचणही करीत नाही.

येथे थोडे गणित करावे लागेल. पॉइजे या फ्रेंच वैद्याने एकोणिसाव्या शतकात दाखवून दिले की दाब तोच असताना अरुंद नळीतून किती द्रव वाहील हे तिच्या व्यासाच्या चौथ्या घातावर ठरते. हृदयाजवळच्या मोठ्या वाहिनीसाठी लावलेल्या २४ मिलिमीटरच्या नळीत सर्व बाजूंनी १ मिलिमीटर थर बसला तर व्यास २२ मिलिमीटर उरतो आणि हिशेबाने प्रवाहाची क्षमता सुमारे ७० टक्के राहते. एवढी घट शरीराला जाणवतही नाही. तेवढाच थर ४ मिलिमीटरच्या नळीत बसला तर व्यास २ मिलिमीटर होतो आणि क्षमता सोळाव्या हिश्शावर येते. म्हणून साधारण ६ मिलिमीटरहून बारीक कृत्रिम नळ्या लवकर बंद पडतात. हृदयाच्या, गुडघ्याखालच्या आणि मनगटाच्या वाहिन्या या मर्यादेच्या खाली येतात.

व्हूरहीस यांचा कयासही माणसात पुरता खरा ठरला नाही. माणसाच्या शरीरात कापडी नळीच्या जोडापासून जेमतेम एक-दोन सेंटिमीटरपर्यंत एंडोथेलियम सरकते. मधला भाग वर्षानुवर्षे उघडाच राहतो. कुत्र्या-मेंढ्यांमध्ये ते बरेच पुढे जाते, आणि त्यामुळे प्राण्यांवर उत्तम ठरलेल्या कितीतरी कल्पना माणसात फसल्या. जनावरावर यशस्वी झालेल्या नळीची बातमी वाचताना हे ध्यानात ठेवावे.

## पृष्ठभाग बदलतात तो कसा?

नळीचा ताण सोसण्याचा गुण तसाच ठेवून फक्त वरचा थर बदलायचा, हे या क्षेत्रातले मुख्य काम आहे. त्याची एक पद्धत म्हणजे कमी दाबाखाली वायूत विजेचा झोत सोडून त्या वायूचे विद्युतभारित कण पृष्ठभागावर आदळवणे. त्याने प्लास्टिकच्या वरच्या काही नॅनोमीटरमधले रासायनिक बंध तुटतात आणि तेथे पाण्याला जवळ करणारे गट बसवता येतात. यात एक अडचण आहे. प्लास्टिकमधल्या लांब साखळ्या हळूहळू हलत असतात, आणि काही दिवसांत किंवा आठवड्यांत त्या नव्या गटांना आत वळवून मूळ पृष्ठभाग पुन्हा बाहेर आणतात. म्हणून आज केलेली प्रक्रिया महिन्याभराने कपाटातून काढलेल्या नळीवर टिकलेली असेलच असे नाही, आणि हा प्रश्न कारखानदारांना फार सतावतो.

दुसरी पद्धत म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या लवचीक साखळ्यांचे दाट रान पृष्ठभागावर उगवणे. पॉलिएथिलीन ग्लायकॉल हे यातले सर्वांत वापरलेले द्रव्य. प्रथिनाला पृष्ठभागापर्यंत पोहोचायचे तर आधी तेथले पाणी बाजूला सारावे लागते आणि साखळ्या दाबाव्या लागतात. ते त्याला महाग पडते, म्हणून ते बसत नाही. मांडवातल्या खुर्च्याच काढून टाकण्याचा हा प्रकार म्हणावा. मात्र शरीरात या साखळ्या ऑक्सिजनच्या क्रियेने कालांतराने तुटतात.

मला स्वतःला यातला सर्वांत सुंदर विचार वाटतो तो टोकियोच्या काझुहिको इशिहारा यांचा. आपल्या पेशीच्या आवरणाच्या बाहेरच्या बाजूला फॉस्फोरिलकोलीन नावाचा एक रासायनिक गट मोठ्या प्रमाणात असतो, ज्यात एक धन आणि एक ऋण भार शेजारी शेजारी असल्यामुळे एकूण भार शून्य होतो, तरीही पाणी त्याच्याभोवती घट्ट राहते. इशिहारा यांनी १९९० च्या सुमारास हा गट असलेले पॉलिमर सहज बनवण्याची रीत सिद्ध केली. आज कॉन्टॅक्ट लेन्सपासून हृदयाला मदत करणाऱ्या पंपांपर्यंत अनेक ठिकाणी ते वापरले जाते.

या तिन्ही पद्धती पृष्ठभागाला निष्क्रिय करू पाहतात. हेपरिनची वाट वेगळी आहे. १९१६ साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातला जे मॅक्लीन हा वैद्यकीचा विद्यार्थी रक्त गोठवणारे द्रव्य शोधत होता आणि त्याला यकृतातून नेमके उलट काम करणारे द्रव्य सापडले. पुढे त्यालाच हेपरिन म्हणू लागले. आपल्या रक्तात अँटिथ्रॉम्बिन नावाचा एक पहारेकरी असतोच. हेपरिन त्याचा वेग सुमारे हजारपट वाढवते. म्हणून हे हेपरिन नळीच्या आतल्या बाजूला कायमचे जोडण्याचा प्रयत्न झाला. सुरुवातीला ते कसेही चिकटवले जाई, आणि अँटिथ्रॉम्बिनला पकडणारा त्याचा छोटा भाग नळीच्या बाजूला दबून जाई. १९८० च्या दशकात स्वीडनमध्ये ते फक्त एका टोकाने जोडण्याची युक्ती निघाली, त्यामुळे कामाचा भाग रक्तात मोकळा राहू लागला. अशा हेपरिन जोडलेल्या टेफ्लॉन नळ्या आज रुग्णालयांत वापरात आहेत. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या स्कँडिनेव्हियातील चाचणीत त्या साध्या नळ्यांपेक्षा वर्षभरानंतर काहीशा अधिक प्रमाणात वाहत्या राहिल्याचे दिसले; फरक होता, पण फार मोठा नव्हता.

## पेशीच पेरल्या तर?

लेप कमी पडतो तर खरे अस्तरच नळीत वाढवावे, हे ओघानेच आले. १९७८ साली माल्कम हेरिंग यांनी प्राण्याच्या शिरेतल्या एंडोथेलियल पेशी काढून कृत्रिम नळीवर पेरल्या. व्हिएन्नातल्या शल्यचिकित्सकांनी तर रुग्णाच्या स्वतःच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून टेफ्लॉनच्या नळीला पूर्ण अस्तर दिले आणि पायाच्या बायपासमध्ये ते अनेक वर्षे चांगले चालल्याचे दाखवले. पण त्यासाठी रुग्णाला काही आठवडे थांबावे लागते, निर्जंतुक प्रयोगशाळा लागते, आणि पाय काळा पडू लागलेल्या मधुमेही माणसाकडे थांबायला वेळ नसतो.

मग शरीरातल्याच पेशींना नळीवर बोलावण्याचे प्रयत्न झाले. पेशींना पकड देणारा तीन अमिनो आम्लांचा एक छोटा तुकडा १९८४ साली ओळखला गेला होता, तो पृष्ठभागावर बसवला गेला. पण त्याच तुकड्याला प्लेटलेटही धरतात. दुसऱ्या एका प्रयोगात रक्तातल्या एंडोथेलियमच्या पूर्वज पेशी पकडणारी प्रतिपिंडे टेफ्लॉनवर जोडली. डुकरांमध्ये नळी आतून झाकली गेली खरी, पण जोडाजवळची भिंत उलट अधिक जाड झाली. पृष्ठभाग जिंकला आणि नळी तरीही अरुंद झाली, असा हा निकाल होता, आणि तो मला फार बोलका वाटतो.

## म्हणजे पृष्ठभाग सुधारला तरी सगळे सुटत नाही?

नाही सुटत. आपली धमनी प्रत्येक ठोक्याला थोडी फुगते आणि पुन्हा मिटते. पॉलिएस्टर आणि टेफ्लॉन जवळजवळ ताणतच नाहीत. धमनी आणि नळी जिथे टाक्यांनी जोडल्या जातात तेथे रक्ताचा प्रवाह भोवरे धरतो, भिंतीवरचे घर्षण कमी होते, आणि धमनीच्या भिंतीतल्या स्नायुपेशी आत सरकून वाढू लागतात. ही गुठळी नव्हे. हा महिनोन्महिने चढत जाणारा मांसल थर आहे. पहिल्या काही दिवसांत नळी बंद पडली तर बहुधा गुठळी कारण असते, आणि सहा महिने ते दोन वर्षांत पडली तर बहुधा हा थर. म्हणून आता संशोधक लवचीक पॉलिमर, शरीरात हळूहळू विरघळणारे धागे आणि पृष्ठभागावरचा लेप या तिन्हींचा एकत्र विचार करतात.

## रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आहेतच की

आहेत, आणि त्या घ्याव्याच लागतात. पण गोळी सगळ्या शरीरातल्या रक्तावर परिणाम करते. मात्रा वाढवली तर पोटात किंवा मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो, आणि स्नायुपेशींचा थर तर ती बहुतांशी थांबवत नाही. पृष्ठभागावर जोडलेले औषध जिथे गरज आहे तिथेच काम करते, हा त्याचा मोठा गुण. दात काढण्यापूर्वी किंवा एकादशीच्या उपवासाला आपल्या मनाने या गोळ्या बंद करणारी माणसे आपल्या ओळखीत असतात. ग्राफ्ट (म्हणजे जोडलेली शीर किंवा कृत्रिम नळी) किंवा स्टेंट बसवलेल्या माणसाने डॉक्टरांना विचारल्याशिवाय असे कधीही करू नये.

आपल्याकडे आणखी एक शंका संकोचाने विचारली जाते. औषधी हेपरिन मुख्यतः डुकराच्या आतड्यातून काढले जाते, आणि कापडी नळ्यांची छिद्रे बुजवण्यासाठी बऱ्याचदा गुरांपासून मिळणारे जिलेटिन किंवा कोलॅजन वापरतात. हे जाणून घेण्याचा रुग्णाला पूर्ण हक्क आहे. ज्यांना आक्षेप असेल त्यांनी शस्त्रक्रियेआधी स्पष्ट विचारावे, म्हणजे पर्याय आहे का हे डॉक्टर सांगू शकतील. हेपरिनमुळे पूर्वी कधी प्लेटलेट घटल्या असतील, तर तेही आठवणीने सांगावे. अशा रुग्णात हेपरिन जोडलेली नळी टाळतात.

## नवी रक्तवाहिनी आणि आजचे रुग्णालय

२०२४ मध्ये मान्यता मिळालेल्या रक्तवाहिनीत पृष्ठभागाचा प्रश्न वेगळ्या तऱ्हेने सोडवला आहे. मानवी स्नायुपेशी विरघळणाऱ्या सांगाड्यावर वाढवतात, त्या आपल्याभोवती कोलॅजन वगैरे प्रथिनांची भिंत विणतात, आणि मग सगळ्या पेशी धुऊन काढतात. उरलेली नळी कोणाचीच नसल्यामुळे शरीर तिला सहसा नाकारत नाही, आणि रुग्णाच्या स्वतःच्या पेशी हळूहळू तिच्यात वस्तीला येतात. पण तिचा व्यास ६ मिलिमीटर आहे, आणि मान्यता मिळाली आहे ती अपघातात किंवा युद्धात हातापायाची धमनी तुटली असताना, रुग्णाची स्वतःची शीर वापरणे शक्य नसेल अशा वेळेपुरती. नळी फाटण्याच्या आणि जोड सुटण्याच्या धोक्याचा ठळक इशाराही तिच्यावर छापलेला आहे. हृदयाच्या बायपाससाठी ती नाही.

त्यामुळे हृदयासाठी आजही छातीच्या आतली धमनी आणि पायाची शीर हेच पहिले पर्याय आहेत. छातीतली धमनी हृदयाच्या पुढच्या मुख्य वाहिनीला जोडली तर दहा वर्षांनंतरही दहापैकी नऊहून अधिक वाहत्या असतात. पायाच्या शिरांपैकी तोवर साधारण निम्म्या बंद किंवा बऱ्याच अरुंद झालेल्या असतात. पायाच्या शिरेलाही मर्यादा आहेत, तरी कोणत्याही कृत्रिम बारीक नळीपेक्षा ती सरसच ठरते.

डायलिसिसवर असलेल्यांना हा विषय सर्वांत जवळचा आहे. हाताची धमनी आणि शीर एकमेकांना जोडून केलेली फिस्टुला जमत असेल तर तीच आधी करावी असा वैद्यकीय सल्ला असतो, कारण तिच्यात सर्वत्र स्वतःचेच अस्तर असते. शिरा फार बारीक असतील तरच टेफ्लॉनची नळी घालतात, आणि अशा अनेक नळ्यांना वर्षाच्या आतच दुरुस्ती लागते. मूत्रपिंडे निकामी होत चालल्याचे निदान झाले की डायलिसिस लागायच्या कितीतरी आधीपासून एका हाताच्या शिरा राखून ठेवाव्यात, साधारणपणे ज्या हाताने आपण लिहीत नाही त्या हाताच्या. त्या हातातून रक्त काढू देऊ नये, सलाइन लावू देऊ नये. फिस्टुला किंवा ग्राफ्ट झाल्यावर त्या हाताला रक्तदाबाचा पट्टाही बांधू देऊ नये, आणि रोज सकाळी बोटे ठेवून तिथली थरथर लागते का हे पाहावे. थरथर लागली नाही तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे, कारण ताजी गुठळी काही तासांत ते एक-दोन दिवसांत काढता येते, आणि नंतर ते काम अवघड होत जाते.